नवजात बाळांचे फोटो: आधी स्टुडिओ की आधी बाळंतिणीचं घर?

लातूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं:

"बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं नवऱ्याबरोबर लग्नाच्या शूटिंगला जाते, एडिटिंग मीच करते. आता घरूनच नवजात बाळांच्या फोटोंचा स्टुडिओ टाकायचा विचार आहे. वरच्या मजल्यावर १० बाय १२ ची खोली रिकामी आहे, खिडकी पश्चिमेला. हाताशी दीड लाख रुपये आहेत. कॅमेरा घरचाच, फुल फ्रेम, सोबत २४-७० आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्स. व्हिडिओत सांगतात की बाळ ५ ते १४ दिवसांचं असतानाच फोटो घ्या. सासूबाई म्हणतात, 'सुवेर फिटल्याबिगर आन् सव्वा महिना झाल्याबिगर कोण लेकरू घेऊन येतंय तुझ्या माडीवर?' काय काय घेऊ, दर किती ठेवू, गिऱ्हाईक कुठून येईल आणि कागदपत्रं कोणती लागतील?"

ताई,

सासूबाईंचं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या धंद्याचं अर्धं वेळापत्रक त्यात आलं आहे.

व्हिडिओतले ५ ते १४ दिवस खोटे नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपतं, पोटातल्यासारखं सहज मुडपतं, चेहऱ्यावर बारीक पुळ्या उठलेल्या नसतात आणि संध्याकाळचं पोटदुखीचं रडणं अजून सुरू झालेलं नसतं. पण तो हिशेब जिथं बाळंतीण आठव्या दिवशी गाडीत बसून बाहेर पडते तिथला आहे. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, पाचवीला सटवाई, सुवेर फिटेपर्यंत बाहेरच्यांनी शिवायचं नाही, बाराव्या दिवशी बारसं, आणि मग सव्वा महिना उंबऱ्याच्या आत. प्रत्येक घर एवढं काटेकोर पाळत नाही, तरी निर्णय आजी घेते आणि फोटोचे पैसे बहुतेक वेळा मामा किंवा आजोबा देतात. शिवाय तुमची खोली वरच्या मजल्यावर. सिझेरियन झालेल्या बाईला पंधराव्या दिवशी जिना चढायला लावणं बरं नाही, आणि ती चढणारही नाही.

म्हणून पहिलं वर्ष दोनच कामं धरा. एक, बारशानंतर, म्हणजे साधारण १३ ते २१ दिवसांत, सामान घेऊन त्यांच्या घरी जायचं. दोन, सव्वा महिन्यानंतर बाळाला तुमच्या स्टुडिओत बोलवायचं. पहिल्यात झोपलेलं, गुंडाळलेलं बाळ मिळतं. दुसऱ्यात जागं बाळ मिळतं, आणि सहा ते आठ आठवड्यांत माणसाकडं बघून हसू यायला लागतं, ते टिपता येतं. हे दुसरं काम आपल्याकडं फारसं कुणी विकत नाही. सगळे झोपलेल्या बाळामागं लागलेत. बुकिंग मात्र बाळंतपणाआधीच, सातव्या-आठव्या महिन्यात घ्यायचं आणि तारीख सैल ठेवायची: "बारशानंतरचा पहिला सोयीचा दिवस." नवरा नोकरीनिमित्त पुण्याला आणि बायको माहेरी लातूरला, अशी घरं खूप. म्हणून रविवार मोकळा ठेवा, नाहीतर फोटोत बाप सापडणार नाही.

वेळ कुठली? व्हिडिओत बाळ झोपवायच्या दहा युक्त्या असतात. आपल्या घरात ती युक्ती रोज सकाळी घडतेच. मालिशवाल्या बाई येतात, तेल लावून न्हाऊ घालतात, शेक होतो, लेकरू पोटभर पितं आणि दोन-अडीच तास ढिम्म झोपतं. तुम्ही त्या झोपेच्या अर्धा तास आधी पोचलेलं असायला हवं. फक्त आदल्या दिवशी तीन गोष्टी फोनवर सांगा: उद्या तेल थोडं कमी आणि नीट पुसून, डोळ्यांत काजळ नको (डॉक्टरही तेच सांगतात), आणि धुरी द्यायचीच असेल तर वेगळ्या खोलीत. तेलकट कपाळावर लाईटचा पांढरा डाग पडतो, तो एडिटिंगमध्ये काढत बसावं लागतं, आणि कापडावर पडलेले तेलाचे डाग निघत नाहीत. कपाळावरच्या तिटेला हात लावू नका. ती पुसायला सांगितली की आजीचा चेहरा बदलतो आणि पुढचे तीन तास अवघड जातात. तिटेसकट चार फोटो घ्या, ते घरात सगळ्यात आवडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लग्नात हललेला फोटो ही मोठ्यात मोठी चूक. इथं चुकीचा अर्थ वेगळा आहे, त्यामुळं कॅमेऱ्याच्या आधी हात तयार करायचे.

पहिल्या भेटीच्या आधी फोनवर विचारा: किती आठवड्यांत जन्म, वजन किती, कावीळ होऊन लाईटखाली ठेवलं होतं का, काचेत होतं का, खांद्याचं हाड किंवा कंबरेच्या सांध्याचं काही सांगितलंय का, नाळ पडली का. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि फक्त गुंडाळून, आईच्या अंगावर. अशी बाळं अंगातली ऊब फार लवकर घालवतात. बाळ पिवळं दिसत असेल, विशेषतः तळहात-तळपाय, तर एडिटिंगमध्ये पिवळेपणा काढून गप्प बसू नका. डॉक्टरांना दाखवलं का, हे आधी विचारा.

स्वतःची तयारी: नखं कापलेली, घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढलेल्या, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत किंवा पिन लावून. वाकलं की ते थेट बाळाच्या तोंडावर येतं. वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असलाच पाहिजे, मोबाईल वरच्या खिशात नको, लेन्सचं हूड आणि झाकण काढून बाजूला. हात साबणानं नीट धुवायचे, कोपरापर्यंत. सर्दी, ताप, जुलाब, ओठावर तापाच्या पुळ्या आलेल्या असतील तर तारीख पुढं. ओठावरच्या या पुळ्यांचा विषाणू नवजात बाळाला जिवावर बेतू शकतो. डांग्या खोकल्याच्या बूस्टर लशीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, मदतनिसालाही द्या.

मदतनीस हवीच. तिचं काम एकच: बाळापासून हातभर अंतरावर बसायचं आणि नजर हलवायची नाही. ती प्रॉप (टोपली, कापड असं मांडणीचं सामान) उचलायला उठली की तुम्ही कॅमेरा खाली ठेवायचा. बाळाची आई हे काम करेल असं धरू नका. ती दमलेली असते आणि तुमच्या मागं डुलक्या घेते. तिला घेऊ द्या.

बाळ खाली ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. आधी डोकं टेकवलं तर त्याला पडल्यासारखं वाटतं, दोन्ही हात फेकतं आणि जागं होतं. ठेवल्यावर लगेच हात काढायचा नाही, दोन्ही तळवे छातीवर आणि पायांवर तसेच वजन देऊन ठेवायचे, श्वास संथ झाला की एकेक बोट सैल करायचं. नव्या माणसाचा निम्मा त्रास इथंच असतो. तो हात फार लवकर काढतो.

श्वासाचं एक साधं माप लक्षात ठेवा: हनुवटी आणि छाती यांच्यात कायम एक बोट जागा. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. टोपलीत किंवा घंगाळात बसवलं की ते पुढं झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दबते. बाळ रडत नाही, शांत दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. टोपलीत बसवायचं असेल तर पाठीकडून भर घालून तिरपं, जवळजवळ उताणं ठेवा. पितळी घंगाळ, परात, वेताची टोपली, काहीही वापरा, पण तळाशी दोन किलोची मिठाची पिशवी आधी, त्यावर गादी, मग बाळ. रिकामं भांडं बाळाच्या वजनानं कलंडतं. काचेची बरणी, टांगलेली झोळी, फांदीवरचा झोका, हे नको.

हनुवटीखाली दोन्ही हात ठेवून बेडकासारखं बसलेलं बाळ तुम्ही पाहिलं असेल. तसं बाळ कधी बसलेलं नसतं. एका फोटोत मदतनिसाची बोटं डोकं धरून असतात, दुसऱ्यात मनगटं धरून, आणि दोन फोटो फोटोशॉपमध्ये जोडून बोटं पुसलेली असतात. हे शिकल्याशिवाय करू नका. खरं तर पहिलं वर्ष करूच नका. लातुरात त्या एका पोजसाठी कुणी जास्त पैसे देत नाही. चार पोज पुरतात: गुंडाळून उताणं, गुंडाळून किंचित कुशीवर (पाठीमागं नॅपकिनची घट्ट सुरळी), आई-बाबांच्या ओंजळीत, आणि दुपट्यावर मोकळं, वरून कापड टाकलेलं. पालथं झोपवायचं ते मदतनिसाचा हात पाठीवर असतानाच, तोंड बाजूला वळवून, नाक मोकळं दिसत असताना, दोन मिनिटांपुरतं.

गुंडाळणं घरात सगळ्यांना येतं, म्हणून त्यात घोटाळाही जास्त. आपल्याकडं पाय सरळ ताणून घट्ट बांधायची सवय आहे. त्यानं कंबरेचा खुबा निसटायची भीती असते. पाय गुडघ्यात वाकून बेडकासारखे बाहेर पडायला जागा ठेवा, घट्टपणा हातांपुरता, आणि छातीवर दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कापड होजिअरीचं, ताणणारं, साधारण दीड हात रुंद आणि चार हात लांब. हे सगळं आधी बाहुलीवर करा: कापडी बाहुलीत तीन किलो तांदूळ भरा, मानेत काही भरू नका म्हणजे डोकं लटकतं ठेवता येईल. त्यावर डोळे मिटून गुंडाळता येईपर्यंत खऱ्या बाळाला हात लावू नका.

हाता-पायाची बोटं निळसर-जांभळी दिसली तर ती पोज दाबतेय किंवा थंडी वाजतेय. लगेच सैल करून आईच्या छातीशी द्या. ओठ किंवा जीभ निळी दिसली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असल्या, तर शूटिंग संपलं, डॉक्टर किंवा १०८. तान्ह्या बाळाच्या घशात अडकलं तर पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ दाब कसे द्यायचे, हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष बाहुलीवर शिकून घ्या. आणि बाळ झोपावं म्हणून मध, साखरपाणी, घुटी, वरचं दूध यातलं काही द्यायला सुचवायचं नाही, घरच्यांनी सुचवलं तरी हो म्हणायचं नाही. आईचं दूध मिळेपर्यंत थांबायचं. तीन तासांच्या शूटिंगमध्ये तासभर पाजण्यातच जातो, तो धरूनच वेळ सांगा.

ऊब: मोकळ्या बाळासाठी खोली २६ ते २८ अंश. साधा डिजिटल थर्मामीटर बाळ असेल त्या उंचीवर ठेवा, भिंतीवर नको. परदेशी व्हिडिओ हीटरबद्दल बोलतात, मराठवाड्यात वर्षातले चार महिने प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात ४२ अंशांत बंद खोलीत गुंडाळलेलं बाळ घामेजतं. मानेमागं बोट लावून बघा: घाम असेल तर एक थर काढा. हात-पाय थोडे गार असणं नेहमीचं आहे, त्यावरून ठरवू नका. एसी २७ वर, पण झोत बाळावर नको. उन्हाळ्यात शूटिंग सकाळी आठ ते अकरा, बस. थंडीत परभणी, लातूरकडं पहाटेचा पारा बराच उतरतो, तेव्हा तेल भरलेला रेडिएटर हीटर वापरा. पंख्याचा हीटर गरम झोत फेकतो, कॉइलचा उघडा असतो. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको, आजीनं आग्रह केला तरी. शेकायच्या वेळी दार-खिडकी उघडी असते. फोटोसाठी आपण ती लावून घेतो, आणि कोळशाचा विषारी वायू ना दिसतो ना वास येतो.

खोलीकडं वळू. १० बाय १२ पुरेशी आहे. भिंती पिस्ता, गुलाबी, आकाशी असतील तर तो रंग बाळाच्या गालावर उतरतो आणि काही केल्या जात नाही. चकाकी नसलेला पांढरा किंवा फिकट राखाडी रंग द्या, स्लॅबलाही पांढराच. पश्चिमेची खिडकी सकाळी कामाची आहे: सूर्य मागच्या बाजूला असतो, आकाशाचा मऊ उजेड येतो. दुपारी दोननंतर तिथून ऊन थेट आत येतं, तेव्हा जाड पडदा ओढून फ्लॅश लावा. ट्यूबलाईट आणि खिडकी एकत्र नको. एक गाल निळा, एक हिरवा होतो, आणि काही एलईडीखाली फोटोत पट्टे येतात.

उजेड कुठून पडतोय हे एकदा नीट समजून घेतलं की पुढं चुकत नाही: कपाळाकडून हनुवटीकडं. नाकाची सावली ओठाकडं गेली पाहिजे. बाळाचे पाय खिडकीकडं ठेवले तर उजेड नाकपुड्यांत शिरतो आणि गोंडस बाळ भुतासारखं दिसतं. नवशिक्यांच्या निम्म्या फोटोंत हेच बिघडलेलं असतं, आणि खापर कॅमेऱ्यावर फुटतं. १२० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढं लावायची, उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) बाळाच्या डोक्याच्या बाजूनं, ४५ अंशांत, हात-दीड हातावर. त्याचा मधला भाग बाळाच्या थोडा पुढं रोखा म्हणजे कडेचा मऊ उजेड मिळतो. स्टँडच्या पायावर पाच किलोची वाळूची पिशवी, प्रत्येक वेळी. फ्लॅशबरोबर शटरचा वेग १/२००, एफ ४, आयएसओ १००-२००. खिडकीच्या उजेडात १/१६०, एफ २.८, आयएसओ ४०० ते ८००. २४-७० ची लेन्स ५० वर ठेवून बहुतेक काम होतं. ८५ नं वरून फोटो घ्यायला स्टुलावर चढावं लागेल, ते बाळावर वाकून नको; ती बोटं, पापण्या, ओठ यांच्यासाठी ठेवा. फ्लॅशनं डोळे जातील का, हा प्रश्न प्रत्येक घरात येईल. मोठ्या सॉफ्टबॉक्समधून गाळून आलेल्या फ्लॅशनं इजा होत नाही, पण वाद घालू नका. नको म्हणाले तर खिडकी आहेच. फ्लॅशची "टिट्" मात्र बंद करा, बाळ त्यानं दचकतं. फ्लॅश बॅटरीवर चालणारा घ्या, गोडॉक्स एडी २०० च्या ताकदीचा पुरे. भारनियमन आणि साध्या इन्व्हर्टरच्या लहरी वीजपुरवठ्यावर प्लगचे फ्लॅश टिकत नाहीत.

कापडांसाठी परदेशी दुकानांत जाऊ नका. आजीची जुनी गोधडी, मऊ झालेलं सुती लुगडं, कुंची, बाळंतविड्यातलं झबलं-टोपरं, धुऊन घासलेलं सूप, हेच तुमच्या फोटोंना बाकीच्यांपेक्षा वेगळं करतील. पैठणी आणि हिमरू मागं अंथरायला उत्तम, पण त्यातली जरीची तार बाळाच्या कातडीला लागू देऊ नका, ओरखडे उठतात. प्रत्येक कापड बिनवासाच्या साबणानं धुतलेलं आणि एका बाळाला वापरलेलं दुसऱ्याला न धुता नाही. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं हा खर्च आहे, म्हणून मोठ्या चादरीवर आधी अंडरपॅड (ओल शोषणारं पॅड), त्यावर छोटं कापड असा थर लावा. शी-शू झाली की छोटंच धुवायचं. आणि होणार ती नक्की, बहुतेक वेळा सगळ्यात सुंदर पोजमध्ये.

पैसे. दीड लाख एकदम घालू नका. घरी जाऊन करायच्या कामाला आधी लागतं ते असं धरा: फ्लॅश २८ हजार, सॉफ्टबॉक्स ६, स्टँड-क्लॅम्प ४, कापडं १०, तीन बाय दोनचा सहा इंची फोम रेक्झिनच्या खोळीसह २, थर्मामीटर-अंडरपॅड वगैरे ३, आणि प्रत्यक्ष हात धरून शिकवणारं प्रशिक्षण २५. झाले ७८ हजार. प्रशिक्षणात कपात नको, आणि ते ऑनलाइन नको. हाताचा दाब किती हे पडद्यावर कळत नाही. गाडीनं बारा-पंधरा घरं झाली की मग खोलीसाठी एसी ३६, हीटर ८, बाळाला ठेवायची बीनबॅग (दाण्यांनी भरलेली गोल गादी) ५, म्हणजे अजून ४९. बीनबॅग बाहेरून मागवण्यापेक्षा सोफ्याची रेक्झिनची कामं करणाऱ्याकडून शिवून घ्या: साडेतीन फूट व्यास, सव्वा फूट उंच, तीन-चार किलो दाणे, घट्ट. आतली खोळ वेगळी आणि तिची चेन शिवून बंद. तो एक दाणा बाळाच्या किंवा मोठ्या भावंडाच्या नाकात जायला वेळ लागत नाही. उरलेले २३ हजार बँकेत राहू द्या. भाव दुकानागणिक मागंपुढं होतील, हिशेबाची रीत तीच. कर्जाची गरज दिसत नाही. लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गट ५० हजारांपर्यंत आहे.

दर ठरवताना शेजारच्या फोटोग्राफरचा दर विचारू नका, तास मोजा. फोन-बोलणी १, जाणं-मांडणं दीड, शूटिंग ३, निवड १, बारा फोटोंचं एडिटिंग ५, अल्बम आणि पोचवणं दीड, धुणं १: चौदा तास. तुमच्या तासाला ३०० धरले तर ४,२००. वर मदतनीस ५००, पेट्रोल ३००, धुणं-पॅड २००, छोटा अल्बम १,८००, आणि सामानाची झीज ७०० (१ लाख २७ हजार भागिले तीन वर्षांतली १८० कामं). सगळे मिळून ७,७००. दर ८ हजार. यातून कमी करायचं असेल तर फोटो कमी करा, मदतनीस नाही. "सगळे फोटो पेनड्राइव्हवर द्या" ही लग्नाची सवय इथं येऊ देऊ नका. बारा निवडलेले, बस. ३० टक्के आगाऊ घ्या, बाळ आजारी असेल तर तारीख फुकट बदलून द्या. अल्बम ८ बाय ८ किंवा १० बाय १०. लग्नाचा १२ बाय ३६ बाळाला फार मोठा होतो. पणजी हयात असेल तर चार पिढ्यांचा एक फोटो फ्रेम करून वेगळा विका. हा फोटो काही वर्षांनी मिळत नाही हे घरच्यांना सांगावं लागत नाही.

गिऱ्हाईक आणणारी सगळ्यात मोठी व्यक्ती मालिशवाल्या बाई. रोज दोन-चार बाळंतिणींच्या घरात त्यांची ऊठबस असते आणि त्यांचं ऐकतात. त्यांना त्यांच्याच हातातल्या बाळाचा एक छापील फोटो द्या. बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतिगृहाच्या प्रतीक्षागृहात परवानगी घेऊन एक अल्बम ठेवा, पण कर्मचाऱ्यांकडून बाळंतिणींचे नंबर विकत घेऊ नका. ती खासगी माहिती आहे आणि एकदा बभ्रा झाला की दार बंद. सरावाच्या पहिल्या आठ-दहा कामांना ओळखीची, दुसरं बाळंतपण असलेली घरं घ्या, फक्त छपाईचा खर्च घ्या, आणि शेवटची तारीख आधीच जाहीर करा, नाहीतर फुकटची रांग संपत नाही.

एडिटिंग तुम्हाला येतं, त्यामुळं दोनच गोष्टी. सोललेली कातडी, पुळ्या काढा, पण जन्मखूण आणि कंबरेखालचा निळसर डाग (आपल्याकडच्या बाळांना तो फार असतो) विचारल्याशिवाय पुसू नका. आणि "जरा गोरं करा" ही विनंती येईलच, बहुतेक मुलीच्या बाबतीत. करू नका. उजेड वाढवणं वेगळं, रंग बदलणं वेगळं. हसून सांगा की बाळ आहे तसंच छापतो.

बाळाचा फोटो तुमच्या स्टेटसवर टाकायचा की नाही, ते आई-बाप ठरवतील, लेखी, कागदावर. अनेक घरांत दृष्टीच्या भीतीनं नाही म्हणतात. दरात फरक न करता ते मान्य करा. उघड्या अंगाचे फोटो कुणी हो म्हटलं तरी ऑनलाइन नकोत. पुढं गरोदरपणीचे फोटो घ्यायला लागलात तर "मुलगा की मुलगी" जाहीर करणाऱ्या सजावटीची मागणी येईल. १९९४ चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आपल्याकडं लागू आहे, स्त्रीभ्रूणहत्येनं गाजलेल्या बीड जिल्ह्याच्या शेजारी बसून तो कुणाला समजावून सांगायची गरज नाही. सरळ नाही म्हणा.

कागदपत्रं थोडीच. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटाला देऊ नका. तुमच्यासारख्या एक-दोन माणसांच्या व्यवसायाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली परवान्याऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी पडते. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की बंधनकारक. नवऱ्याच्या लग्नाच्या कामाचं आणि तुमचं बिल-बुक पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, खातंही वेगळं. पाटी एसी बसल्यावर लावली तरी चालेल.